घरात फास्ट वाय-फाय असताना फोन स्लो वाय-फायलाच का धरून बसतो?

नागपूरच्या मानेवाड्यातलं दुमजली घर, खाली हॉलमध्ये खिडकीपाशी राऊटर, वर बेडरूममध्ये ऑनलाइन मागवलेला रिपीटर, म्हणजे राऊटरचा सिग्नल घेऊन पुढे फेकणारा डबा, आणि १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, अशी परिस्थिती तुम्ही लिहून कळवलीत. फोनमध्ये घरचीच तीन नावं दिसतात. एकाच्या शेवटी २.४जी, दुसऱ्याच्या शेवटी ५जी, आणि तिसरं रिपीटरचं, मागे ईएक्सटी लागलेलं. तुमचा अँड्रॉइड आणि मिसेसचा आयफोन बाहेरून आले की २.४ला चिकटतात. हातानं ५वर नेले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. प्राधान्य लावून देणारं ॲप टाकून पाहिलंत, काही फरक पडला नाही. आता तुम्हाला हवंय ते इतकंच, की ५ला पहिला नंबर आणि बाकीच्यांना दुसरा-तिसरा, हा क्रम फोनमध्ये कुठे लावायचा.

थेट सांगतो, अशी जागा आजच्या बहुतेक फोनमध्ये नाहीच. आयफोनमध्ये सेव्ह केलेली नेटवर्कं वर-खाली ओढून क्रम लावता येत नाही. अँड्रॉइडमध्ये काही कंपन्यांनी मेनूत आपापलं काहीतरी दिलेलं असतं, पण मॉडेल बदललं की तेही बदलतं, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून बसू नका. ॲपचं म्हणाल तर अँड्रॉइड ६ पासून तुम्ही स्वतः सेव्ह केलेल्या नेटवर्कला बाहेरचं ॲप हात लावू शकत नाही, आणि अँड्रॉइड १० पासून ही बंधनं आणखी आवळली गेली. यूट्यूबवर जे 'हे ॲप टाका, वाय-फाय आपोआप बदलेल' चालतं, त्यातलं बरंचसं त्या आधीच्या काळातलं आहे. ते ॲप काढून टाका, उगाच लोकेशनची परवानगी घेऊन बसलेलं असतं.

एक खुलासा आधीच करतो, कारण हा घोळ नेहमी होतो. वाय-फायच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झची लहर, वेगवान पण कमी पोचणारी; २.४जी म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची, हळू पण लांब पोचणारी. मोबाईलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही.

आता मूळ दुखणं. फोनला वाय-फायचा स्पीड कळत नसतो. जोडायच्या आधी तुमच्यामागे १०० एमबीपीएस आहे की १०, हे त्याला समजायला मार्ग नाही. त्याला कळतात त्या मुख्यतः दोनच गोष्टी: सिग्नल किती जोरात येतोय आणि हे नाव ओळखीचं आहे का. आणि तो निर्णय घेतो तुम्ही सोफ्यावर बसल्यावर नाही, तर गेट उघडताना.

गेटपाशी काय होतं ते जरा जवळून पाहा. सिग्नल डेसिबलच्या उणे आकड्यात मोजतात. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८०च्या पुढे नुसती फरफट. तुम्ही गाडी लावताना २.४चा सिग्नल समजा उणे ७२ आहे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तेवढ्याच अंतरावर साधारण ६ डेसिबलनं कमी भरतो, म्हणजे ताकद चौथ्या हिश्शावर. त्यात विटांची भिंत आडवी आली की आणखी उतरतो. गेटवर तो उणे ८५ला नुसता टिमटिमत असतो, किंवा दिसतच नाही. फोन काय करणार? दिसलं ते ओळखीचं नाव धरतो. मग तुम्ही चपला काढून हॉलमध्ये येता, २.४ उणे ४५वर पोचतो, फोनच्या दृष्टीनं सगळं आलबेल. कांड्या पूर्ण भरलेल्या. शेजारी ५वालं वेगळ्या नावाचं नेटवर्क उभं आहे, पण चांगला सिग्नल सोडून तिकडे उडी मारायला फोनपाशी काही कारणच नाही.

मग हातानं बदललेलं टिकत का नाही? आयफोन प्रत्येक नेटवर्कला आतल्या आत गुण देतो. हातानं निवडलेल्याचे गुण वाढतात, जे तोडलं त्याचे घटतात. मूळ अँड्रॉइडमध्येही हातानं निवडलेल्या नेटवर्कला काही तास झुकतं माप मिळतं, मग ते हळूहळू ओसरतं. पण गुण कितीही जमवले तरी गेटपाशी ते नेटवर्क दिसायला तर हवं. तुम्ही रोज सकाळी बाहेर जाता, संध्याकाळी येता, आणि रोज तोच डाव पहिल्यापासून सुरू होतो.

याच्या जोडीला आणखी एक भानगड आहे, जी लोकांच्या लक्षात येत नाही. लाईट जाऊन येते तेव्हा काय होतं ते बघा. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ पासून १४४ पर्यंतचे जे चॅनल, म्हणजे लहरीचे नंबर दिलेले पट्टे, आहेत, ते रडारसाठीही वापरले जातात. तिथे राऊटरनं सुरू होताना आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकायचं, रडार नाही याची खात्री करायची आणि मगच बोलायचं, असा नियम आहे. २.४ला असली काही अट नाही. म्हणजे लाईट आली की २.४ आधी उगवतं, घरातले सगळे फोन त्यावर जाऊन बसतात, आणि मिनिटभरानं ५ येतं तेव्हा वर्ग भरलेला असतो. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा लाईट झपकन जाऊन आली की 'भाऊ, नेट स्लो चालून राहिलं' असे फोन मला सुरू होतात. नेट ठीक असतं, फोन चुकीच्या जागी बसलेला असतो. यावर इलाज सोपा आहे. राऊटरच्या सेटिंगच्या पानात ५ गिगाहर्ट्झचा चॅनल 'ऑटो' ठेवू नका. ३६, ४०, ४४, ४८ यातला एक पक्का करा. तिथे ही वाट बघायची अट नाही. आणि राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, निम्मी कटकट मिटते. फक्त घेताना राऊटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचून घ्या. काही डबे ९ व्होल्टवरही चालतात.

आता फोनमध्ये काय करायचं. क्रम लावता येत नसला तरी नको ते यादीतून काढता येतं, आणि माझ्या मते बहुतेक घरांत तेवढं पुरतं. अँड्रॉइड ११ पासून प्रत्येक सेव्ह केलेल्या नेटवर्कच्या तपशिलात 'ऑटो-कनेक्ट'चं बटण असतं. सॅमसंगमध्ये ते 'ऑटो रीकनेक्ट' नावानं सापडेल. २.४ आणि ईएक्सटी या दोन्हींसाठी ते बंद करा. आयफोनमध्ये नेटवर्कच्या नावापुढच्या गोल 'आय'वर टॅप केलं की 'ऑटो-जॉइन' दिसतं, तेही बंद. आयओएस १६ पासून वाय-फायच्या पानावर 'एडिट' दाबलं की सेव्ह असलेली सगळी नावं दिसतात, म्हणजे घरी नसतानाही हे करता येतं. मी 'फरगेट' करण्यापेक्षा ऑटो बंद करणं पसंत करतो, कारण पासवर्ड फोनमध्ये राहतो आणि कधी गरज लागली तर एका टॅपमध्ये जोडता येतं. आणि गरज लागते. स्मार्ट प्लग, कॅमेरा, इन्व्हर्टरचं वाय-फाय, ही मंडळी बहुधा २.४वरच चालतात, आणि ती पहिल्यांदा जोडताना फोनही २.४वर असावा असा त्यांतल्या बऱ्याच जणांचा हट्ट असतो. म्हणूनच राऊटरमधून २.४ सरसकट बंद करा असा सल्ला कोणी दिला तर मानू नका. आईबाबांचा जुना फोनही कदाचित त्याच्यावरच असेल.

पण थांबा, हे बटण दाबायच्या आधी एक तपासणी हवी, कारण इथून पुढे सगळं तुमच्या घरावर अवलंबून आहे. वरच्या बेडरूममध्ये खालच्या राऊटरचं ५ पोचतं का? पोचत नसेल आणि तुम्ही बाकी दोन्ही बंद केलीत, तर वर गेल्यावर फोन कुरकुरत मोबाईल डेटावर जाईल, आणि महिन्याअखेरीस वेगळीच तक्रार घेऊन याल. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही साधं मोफत ॲप घ्या आणि वर, पलंगावर जिथे फोन घेऊन पडता तिथे, ५वाल्या नावासमोरचा आकडा वाचा. दारात उभं राहून वाचू नका, दार आणि पलंग यात चांगलाच फरक पडतो. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी ॲप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये वाय-फाय स्कॅनर चालू केला की हेच आकडे दिसतात. उणे ७०पर्यंत असेल तर निश्चिंत व्हा. उणे ७५च्या आसपास असेल तर रोजचं काम चालेल, मोठा व्हिडिओ कॉल अडखळेल. त्याच्या खाली असेल तर फोनचा प्रश्न संपला, घराचा सुरू झाला.

मला संशय आहे की तुमच्याकडे तिसरा प्रकारच निघेल, कारण एरवी तुम्ही रिपीटर घेतलाच नसता. आणि त्या रिपीटरबद्दल मला थोडं कडू बोलायचंय.

खोक्यावर ३०० एमबीपीएस छापलेले जे स्वस्त रिपीटर मिळतात, ते फक्त २.४वर चालतात. तो ३००चा आकडा सर्व काही आदर्श असताना, रुंद चॅनल वापरून, कागदावर निघतो. प्रत्यक्षात फोन आणि रिपीटर यांच्यात साध्या २० मेगाहर्ट्झ चॅनलवर, एक अँटेना धरली तर ७२ आणि दोन धरल्या तर १४४ एमबीपीएसचं जोडकाम होतं, आणि त्यातला निम्मा-अर्धा तर बोलणं-ऐकणं सांभाळण्यातच जातो. शिवाय त्याच्याकडे रेडिओ एकच. तोच राऊटरकडून घेणार, तोच तुम्हाला देणार, म्हणजे जे काही उरलं त्याचेही दोन वाटे. वर ग्राहकाला दिसतं काय, तर पूर्ण भरलेल्या कांड्या. त्या कांड्या रिपीटरपर्यंतच्या आहेत. रिपीटर ते राऊटर या पट्ट्यात काय चाललंय ते फोन दाखवत नाही. ईएक्सटी नावाला चिकटलेला फोन म्हणूनच सगळ्यात फसवा. हा रिपीटर २.४वालाच निघाला तर मी तो काढायलाच सांगेन. दोन्ही लहरींचा असेल आणि जिन्याच्या मधल्या वळणावर, म्हणजे जिथे राऊटरचं ५ अजून जोरात येतंय अशा जागी, लावता येत असेल तर ठेवा. वर बेडरूममध्ये, जिथे मुळात सिग्नलच नाही, तिथे लावलेला रिपीटर नसलेला सिग्नल कुठून वाढवणार?

पक्कं काम हवं असेल तर वायर न्या. खालच्या राऊटरच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं वायरनं जोडायची जागा) कॅट-६ नेटवर्क केबल जिन्यातून वर, आणि वर दुसरा दोन्ही लहरींचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे तो नुसतं वाय-फाय पसरवेल, बाकी कारभार खालच्याकडेच. ती मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला खालच्या राऊटरपेक्षा वेगळा आयपी पत्ता द्या, आणि वायर त्याच्या वॅन पोर्टात (जिथे एरवी इंटरनेटची वायर लागते) न लावता लॅन पोर्टात लावा. सीताबर्डीत केबल घेताना 'प्युअर कॉपर' मागून घ्या. स्वस्तातली बरीच केबल आतून ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. बाहेरच्या भिंतीवरून नेणार असाल तर काळ्या जाड आवरणाची आउटडोअर केबलच घ्या. साधी राखाडी केबल आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. शक्यतो जिन्यातूनच न्या, पण लाईटच्या वायरिंगच्या पाइपातून मुळीच नको. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला साधा १०० एमबीपीएसचा पोर्ट जेमतेम पुरतो. पुढे प्लॅन वाढवायचा विचार असेल तर दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट आहेत ना ते पाहा.

आणि इथेच नावांचा प्रश्न उलटा फिरतो. खालच्या ५चं आणि वरच्या ५चं नाव एकच ठेवा, पासवर्ड एकच, सुरक्षेचा प्रकारही तोच. एकीकडे डब्ल्यूपीए २ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए ३ ठेवलंत तर फोन त्यांना वेगळी नेटवर्कं समजू शकतो. चॅनल मात्र वेगळे, एकाला ३६ तर दुसऱ्याला १४९. नाव एकच असलं की फोन त्याला एकच घर मानतो आणि खालून वर जाताना आपणहून जोडणी बदलतो. आयफोन सिग्नल उणे ७०च्या खाली गेला की दुसरीकडे बघायला लागतो, आणि डेटा चालू असताना नवं ठिकाण निदान ८ डेसिबलनं सरस असेल तरच उडी मारतो. फोन नुसता पडून असेल तर १२ डेसिबलनं. ॲपलनं कंपन्यांची नेटवर्कं सांभाळणाऱ्यांसाठी हे आकडे जाहीर केलेत. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा. वेगवेगळी नावं ठेवली की या सगळ्या हुशारीला वावच उरत नाही.

मग २.४ आणि ५ या दोन्हींनाही एकच नाव द्यावं का? चांगला, अलीकडचा राऊटर असेल तर हो, तो फोनला ५कडे ढकलायचं काम बरं करतो. मेनूत 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टिअरिंग' असं काहीतरी असतं. कनेक्शनबरोबर फुकट मिळालेल्या डब्यांवर मात्र मला हे काम भरवशाचं वाटलेलं नाही. फोनला एका दारातून हाकलायचं आणि दुसरं उघडायला उशीर करायचा, असे प्रकार होतात, आणि मग मधेच कॉल तुटतो. तुमचा डबा तसलाच असावा असं वर्णनावरून वाटतं, म्हणून तुमच्यासाठी २.४चं नाव वेगळंच राहू द्या.

राऊटर खिडकीत आहे, त्यावर बोलायलाच हवं. खिडकीतून सिग्नल आधी गेटकडे जातो, आणि तुमचं मूळ दुखणं गेटपाशीच आहे. शिवाय तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात कूलर त्याच खिडकीला असतो आणि राऊटर त्याच्या मागच्या फळीवर. पत्र्याची बॉडी लहरी परत फेकते, टाकीतलं पाणी आणि भिजलेली खस त्या शोषून घेतात. मार्चअखेर कूलर निघाले की धरमपेठेतल्या बंगल्यांपासून बेसाच्या फ्लॅटपर्यंत अचानक वाय-फाय बिघडल्याच्या तक्रारी येतात, त्यामागे बऱ्याचदा इतकंच असतं. राऊटर जिन्याच्या पायथ्याकडे, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हलवा. जिन्याची पोकळी ५ला वर जायला स्लॅबपेक्षा खूप सोपी वाट देते. फायबरची बारीक वायर मात्र स्वतः ओढू-वाकवू नका, तीव्र वळण दिलं की ती दगावते. कनेक्शनवाल्याच्या माणसाकडून लांब पॅच कॉर्ड टाकून घ्या.

एवढं करून गेटवर फोन अजूनही २.४ पकडत असेल, समजा आईच्या फोनवर ऑटो-कनेक्ट बंद करायचं बटणच नाही म्हणून, तर राऊटरच्या २.४च्या पानात 'ट्रान्समिट पॉवर' शोधा आणि 'हाय'वरून 'मीडियम'वर आणा. घरात फारसा फरक जाणवत नाही, गेटवरची पोच कमी होते. तिथेच चॅनलची रुंदी २० आणि चॅनल १, ६, ११ यापैकी जो आजूबाजूला कमी भरलेला असेल तो ठेवा. ही सोय प्रत्येक डब्यात नसते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं असतील, एक कामाचं आणि एक आधाराला, तर वरचं फारसं लागू नाही. तिथे सिग्नल दोन्हींचा सारखाच आणि स्पीड मागच्या वायरीत वेगळा, फोनला काहीच उमजणार नाही. आधारवाल्याचं ऑटो-कनेक्ट बंद ठेवा, किंवा दोन्ही कनेक्शनं दोन वॅन पोर्टच्या एकाच राऊटरला देऊन घरात एकच नाव ठेवा.

तुमच्या बाबतीत मी आज फक्त तीन गोष्टी करीन: ५चा चॅनल ३६ला पक्का, पलंगावरचा आकडा, आणि तो ठीक निघाला तरच दोन्ही फोनवर २.४ आणि ईएक्सटीचं ऑटो बंद. तो आकडा आणि रिपीटरच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेल इथे लिहा. उणे ७५पेक्षा खाली असेल तर जिना घराच्या कोणत्या बाजूला आहे तेही सांगा, म्हणजे वायर कुठून काढायची ते बघू.